चौपन्नावा रकाना

वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या आपले सरकार सेवा केंद्रात सकाळी संगणक सुरू होतो, तेव्हा पडद्यावर चित्र नीट उमटेपर्यंत तो एक प्रश्न विचारून मोकळा झालेला असतो. हा प्रश्न कोणा एकाला नसतो. त्या खोलीतल्या तारांच्या किंवा वायफायच्या टप्प्यात जे कोणी असेल, त्या सगळ्यांना उद्देशून असतो. माझ्याकडे पत्ता नाही, कोणी देईल का? संगणकांच्या टपालात पत्त्यावाचून पत्र येत नाही आणि पाठवताही येत नाही. म्हणून प्रेषकाच्या जागी तो चार शून्ये लिहितो आणि 'प्रति' या जागी २५५.२५५.२५५.२५५ हा आकडा. त्याचा अर्थ 'सर्व संबंधितांस'. कोणीतरी उत्तर देते. उत्तरात एक पत्ता असतो, तो किती वेळ वापरायचा याची मुदत असते, बाहेरच्या जगात जाण्याचा दरवाजा कोणता ते असते आणि संकेतस्थळांची नावे कोणाला विचारायची तेही असते. संगणक हे सगळे मान्य करतो आणि कामाला लागतो. मग केंद्रचालक उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सातबारा, पीकविमा यांच्या मागे लागतो. त्या पहिल्या देवाणघेवाणीकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण ती डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच झालेली असते.

हे उत्तर देणाऱ्याला डीएचसीपी सर्व्हर म्हणतात. मला गेली काही वर्षे एकाच प्रश्नाने धरून ठेवले आहे. हा उत्तर देणारा 'मी अमुक' असे कसे सांगतो? आणि विचारणारा ते कशावरून खरे मानतो?

माझे काम एरवी जुन्या कागदांचे. शिक्षण कला शाखेचे. मोडी शिकलो ती एका निवृत्त कारकुनाच्या ओसरीवर, आणि संगणक शिकलो तो दुरुस्त करता करता. वाशीमला राहणाऱ्या माणसाला शासन, मुद्रा, सनद हे शब्द आपसूक चिकटतात. हे गाव वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, वत्सगुल्म. द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट इथेच १९३९ साली सापडला. तो वत्सगुल्माहून काढलेला आहे, राजाच्या ३७व्या वर्षातला आहे आणि त्याची वंशावळ संस्कृतात तर दानाचा व्यवहाराचा भाग प्राकृतात आहे. दान देणारा कोण, कुठून बोलतो, त्याचे आजे-पणजे कोण, हे आधी सांगून मग काय दिले ते सांगायचे, ही त्या काळची रीत. वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेतल्या द्वितीय प्रवरसेनाच्या ताम्रपटांना जोडलेल्या मुद्रेवर तर राजाची ओळख सांगणारा छोटा श्लोकच कोरलेला असतो. देणाऱ्याची ओळख हा देण्याचा भाग होता. त्या सवयीच्या नजरेने मी डीएचसीपीचे मूळ कागद वाचायला घेतले आणि त्यांत ओळखीसाठी राखलेला एक रकाना सापडला. त्याचा क्रमांक ५४.

हे मूळ कागद म्हणजे आरएफसी. 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', म्हणजे अभिप्रायासाठी मांडलेला मसुदा, असे नम्र नाव घेऊन १९६९ साली ही मालिका सुरू झाली आणि इंटरनेटचे बहुतेक नियम तीतच आले. तिचा एक गुण जुन्या कागदांच्या अभ्यासकाला फार आवडावा असा आहे. एकदा क्रमांक देऊन प्रसिद्ध झालेला आरएफसी पुन्हा बदलला जात नाही. चूक निघाली तर शुद्धिपत्र वेगळे ठेवतात किंवा नव्या क्रमांकाचा नवा कागद काढतात. जुना जसाच्या तसा राहतो. त्यामुळे एखादा विचार कोणत्या महिन्यात कोणत्या शब्दांत होता, हे नेमके दाखवता येते. आमच्याकडच्या कित्येक बखरींबद्दल असे म्हणता येत नाही.

गोष्ट सुरू होते ती कंगाल संगणकांपासून. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यापीठांत आणि कंपन्यांत स्वतःची डिस्क नसलेली यंत्रे आली. ती सुरू झाली की त्यांना स्वतःबद्दल एकच गोष्ट ठाऊक असे: आपल्या जोडणीच्या पट्टीवर कारखान्यात कोरलेला क्रमांक. जून १९८४मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या फिनलेसन, मान, मोगल आणि थीमर या चौघांनी आरएफसी ९०३ लिहिला. त्यातली युक्ती साधी होती. यंत्राने आपला कोरीव क्रमांक सगळ्यांना ओरडून सांगायचा आणि ज्याच्याकडे यादी आहे त्याने त्या क्रमांकापुढचा पत्ता कळवायचा. उत्तर देणाऱ्याची ओळख इथे जवळजवळ प्रश्नच नव्हता. तो त्याच तारेवर, बहुधा त्याच मजल्यावर असायचा.

सव्वा वर्षाने, सप्टेंबर १९८५मध्ये, स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सन मायक्रोसिस्टिम्सचे जॉन गिलमोर यांनी आरएफसी ९५१ काढला. त्याचे नाव बूटपी. आता उत्तरात पत्त्याखेरीज आणखीही बरेच मावू लागले: सुरू होण्यासाठी लागणारी फाइल कोणती, ती कोणत्या सर्व्हरकडून आणायची, त्या सर्व्हरचे नाव काय. उत्तराच्या कागदावर सर्व्हरच्या पत्त्यासाठी एक ठरावीक जागा आली. पण तीच जागा पुढे घोळाचे मूळ ठरली. तिथे लिहिलेला पत्ता उत्तर देणाऱ्याचा की फाइल देणाऱ्याचा? दोघे एकच असतील तर प्रश्न नाही. वेगळे असतील तर आहे.

बूटपीची यादी मात्र माणसानेच लिहायची होती. कोणत्या यंत्राला कोणता पत्ता हे आधी वहीत, मग फाइलमध्ये, आणि नवे यंत्र आले की पुन्हा वही. हा वहीचा काळ आमच्याकडे उशिरा आला, पण आला. शतक बदलताना वाशीममधल्या एका खासगी संगणक वर्गात प्रत्येक मॉनिटरच्या कपाळावर पांढरी चिकटपट्टी असे आणि तिच्यावर बॉलपेनने १९२.१६८.०.५, १९२.१६८.०.६ असे आकडे. १९२.१६८ने सुरू होणारे हे पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. फेब्रुवारी १९९६च्या आरएफसी १९१८ने ते राखले. एखादे यंत्र दुरुस्तीला जाऊन परत आले की दोन यंत्रांवर एकच आकडा यायचा, पडद्यावर भांडणाची सूचना उमटायची आणि दोन्ही यंत्रे गप्प व्हायची. शिपाई चिकटपट्ट्या वाचत खोलीभर फिरायचा.

अमेरिकेत ही दगदग दहा वर्षे आधीच असह्य झाली होती. यंत्राने मागावे आणि सर्व्हरने साठ्यातला मोकळा पत्ता मुदतीने द्यावा, यासाठी इंटरनेटच्या अभियंत्यांचा एक कार्यगट काम करत होता. त्याचे नेतृत्व पेनसिल्व्हेनियातल्या बकनेल विद्यापीठाचे प्राध्यापक राल्फ ड्रोम्स यांच्याकडे होते. ऑक्टोबर १९९३मध्ये आरएफसी १५३१ निघाला: डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल, म्हणजे डीएचसीपी. छपाईच्या प्रक्रियेत त्यात चुका राहिल्या म्हणून त्याच महिन्यात आरएफसी १५४१ नावाने तो पुन्हा काढावा लागला. मार्च १९९७मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आरएफसी २१३१ आली आणि आजही जगभरचे सर्व्हर मुख्यतः तिच्यावरच चालतात.

मुदतीचा पट्टा ही डीएचसीपीतली खरी नवी गोष्ट. ताम्रपटांतली दाने चंद्र-सूर्य असेपर्यंतची असत. (अटी घातलेलीही आहेत. अचलपूरजवळच्या चम्मकच्या ताम्रपटात प्रवरसेनाने हजार ब्राह्मणांना गाव देताना द्रोह, चोरी, युद्ध यांपैकी काही केले तर दान परत घेण्याची वाट मोकळी ठेवली आहे.) डीएचसीपीचा पत्ता तासांचा किंवा दिवसांचा असतो. आणि पट्टा मुदतीचा म्हटला की तो कोणाकडे नव्याने करून घ्यायचा, हा प्रश्न लगेच येतो. बूटपीत एकदा उत्तर मिळाले की देणाऱ्याला विसरले तरी चालत होते. इथे तो लक्षात ठेवावा लागतो. चौपन्नावा रकाना जन्मला तो या गरजेतून, आणि आणखी एका गरजेतून.

ती दुसरी गरज समजायला वाशीमच्या बाजार समितीत जावे. सोयाबीनचा ढीग पडलेला असतो, भोवती खरेदीदार उभे असतात आणि हर्राशी सुरू होते. बोली चढते, थांबते आणि हर्राशी घेणारा मोठ्याने एक नाव घेतो. ते नाव चिठ्ठीवर जाते आणि घोळका पुढच्या ढिगाकडे सरकतो. नाव मोठ्याने का घ्यायचे? ज्याला माल मिळाला त्याला तर ते ठाऊकच असते. ते घ्यायचे उरलेल्यांसाठी: तुमची बोली संपली, तुमचा पैसा मोकळा, पुढे चला.

डीएचसीपीचे चार टप्पे अगदी असेच आहेत. यंत्र हाक मारते. एक किंवा अनेक सर्व्हर आपापली बोली लावतात आणि प्रत्येक जण चौपन्नाव्या रकान्यात स्वतःचा पत्ता लिहितो. यंत्र त्यांतली एक निवडते आणि तिसऱ्या टप्प्यात निवडलेल्याचा तोच आकडा आपल्या अर्जात भरून अर्ज पुन्हा सगळ्यांना उद्देशून पाठवते. ज्याचा आकडा आहे तो समजतो की आपण ठरलो आणि चौथ्या टप्प्यात पक्की पावती देतो. बाकीचे समजतात की आपण नाही, आणि बाजूला काढून ठेवलेला पत्ता पुन्हा साठ्यात टाकतात. या रकान्याच्या साध्या चार आकड्यांवर सगळी व्यवस्था तोलली आहे. तो नसता तर प्रत्येक सर्व्हरने प्रत्येक हाकेला एक पत्ता अडकवून ठेवला असता आणि साठा बघता बघता संपला असता.

आरएफसी २१३१ने बूटपीचा जुना घोळही इथेच सोडवला. उत्तरातली सर्व्हरच्या पत्त्याची जुनी जागा फक्त पुढच्या टप्प्यात ज्याच्याकडे जायचे त्याच्यासाठी, असे स्पष्ट केले. उत्तर देणाऱ्याने स्वतःची ओळख द्यायची ती नेहमी चौपन्नाव्या रकान्यातच. एका सर्व्हरला अनेक जोडण्या आणि म्हणून अनेक पत्ते असतील, तर त्याने यंत्राला पोचता येईल असा पत्ता निवडावा, आणि आपल्या कोणत्याही पत्त्याने कोणी हाक मारली तरी 'ओ' द्यावी. हा शेवटचा नियम मला फार माणसाळलेला वाटतो. घरात बाळू, दप्तरात बाळकृष्ण, गावात गुरुजी. हाक कोणतीही असो.

इथे एक पाठभेद नोंदवतो. रकान्यांची यादी आरएफसी २१३२ या वेगळ्या कागदात आहे. तोही मार्च १९९७चाच. त्याच्या लेखकांतही ड्रोम्स आहेतच, सोबत सिलिकॉन ग्राफिक्सचे अलेक्झांडर. २१३१मधला तक्ता सांगतो की सर्व्हरने बोलीत, पक्क्या पावतीत आणि नकारातही चौपन्नावा रकाना भरलाच पाहिजे. २१३२ मात्र म्हणतो की बोलीत आणि अर्जात तो असतो. पावतीत आणि नकारात असला तर असेल, नसला तरी चालेल. एकच महिना, एकच विषय, सामाईक लेखक, आणि एका ठिकाणी 'मस्ट' तर दुसऱ्या ठिकाणी 'मे'. गंमत अशी की या दोन शब्दांचा आरएफसींतला नेमका अर्थ ठरवणारा कागद, स्कॉट ब्रॅडनर यांचा आरएफसी २११९, याच मार्च १९९७मधला. माझा तर्क असा की २१३२मधले वाक्य १९९३च्या जुन्या यादीतून तसेच उतरले असावे; नक्कल करणाऱ्याच्या हातून जसे मागच्या पोथीतले शब्द पुढच्या पोथीत जातात. पण तर्क बाजूला ठेवला तरी हा भेद किरकोळ नाही. नकार कोणाचा हे सांगितलेच नाही, तर भलत्याच कोणाच्या नकाराने यंत्र आपला चालू पत्ता सोडून देऊ शकते.

पट्टा मिळाल्यानंतरही या रकान्याचे काम संपत नाही. मुदत निम्मी सरली की यंत्र त्याच आकड्यावर, आता थेट, पत्र पाठवते: वाढवून द्या. उत्तर आले नाही तर वाट पाहते, पुन्हा विचारते. मुदतीचा आठवा हिस्सा उरला की मात्र निष्ठा सोडते आणि पुन्हा सगळ्यांना हाक मारते. म्हणजे हा आकडा एकाच वेळी नाव आहे आणि पत्ताही आहे. हे दुहेरी काम पुढे जड गेले.

कारण सर्वांना मारलेली हाक राउटरच्या पलीकडे जात नाही. सर्व्हर दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या गावात असेल, तर मध्ये एक निरोप्या लागतो. तो हाक ऐकतो, सर्व्हरकडे पोचवतो आणि उत्तर आणून देतो. पण उत्तराच्या चौपन्नाव्या रकान्यात पत्ता असतो दूरच्या सर्व्हरचा. त्यामुळे मुदतवाढीचे पत्र निरोप्याला टाळून परस्पर जाते. आणि मधल्या नोंदी निरोप्याने ठेवायच्या असतील, तर त्याला काही कळत नाही. फेब्रुवारी २००८च्या आरएफसी ५१०७ने यावर तोड काढली. निरोप्याने सर्व्हरला सांगायचे की तुमच्या ओळखीच्या जागी माझा पत्ता लिहा. सर्व्हर ते मानतो. यंत्राच्या दृष्टीने मग निरोप्या हाच सर्व्हर. बाजार समितीत शेतकऱ्याने आयुष्यभर अडत्यालाच खरेदीदार समजावे, तसे हे आहे. सोयीचे आहे, आणि गैर काही नाही. पण ओळखीच्या रकान्यात दुसऱ्याचे नाव लिहिणे आता नियमानेच शक्य झाले.

तोवर आयपीच्या सहाव्या आवृत्तीसाठी वेगळा डीएचसीपी आला होता: आरएफसी ३३१५, जुलै २००३. त्यात नाव आणि पत्ता वेगळे केले. तिथे सर्व्हरला ड्यूइड नावाची स्वतंत्र ओळख असते. तिचा एक प्रकार जोडणीच्या पट्टीवरचा कोरीव क्रमांक आणि ओळख तयार झाली तो क्षण मिळून बनतो, आणि तो क्षण १ जानेवारी २०००च्या मध्यरात्रीपासून मोजलेल्या सेकंदांत लिहितात. पट्टी बदलली, पत्ता बदलला, तरी ओळख तीच राहावी अशी अपेक्षा असते. जन्मवेळ आणि कूळ यांवरून ठरलेले नाव! पंचांगवाल्यांना हे नवे वाटणार नाही.

आता हर्राशीकडे परत येतो, कारण त्या उपमेत एक गोष्ट अजून सांगायची आहे. हर्राशीत नाव घेतले जाते त्यावरून त्या माणसाची पत कळत नाही. पत आधी पाहिलेली असते. बाजार समिती खरेदीदाराला परवाना देते. परवाना नसलेल्याला बोली लावता येत नाही. डीएचसीपीच्या हर्राशीत परवाना नाही. जो बोलेल तो खरेदीदार. चौपन्नाव्या रकान्यात स्वतःचा पत्ता लिहायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि यंत्राकडे तो तपासायचे साधन नाही. हा रकाना सांगतो की अनेक बोलणाऱ्यांपैकी हा बोलणारा कोणता. त्याला बोलण्याचा अधिकार आहे का, हे तो सांगत नाही. सांगायला तो बनवलेलाच नव्हता. मुद्रा नाही, फक्त नाव.

याचा अर्थ काय होतो ते मी मालेगाव तालुक्यातल्या एका केंद्रात पाहिले. जुलैचे शेवटचे दिवस होते. खरिपाच्या पीकविम्याची ३१ जुलै ही नेहमीची शेवटची तारीख, त्यामुळे ओसरीवर माणसे आणि प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, आधार, बँकेचे पासबुक. तीन संगणकांपैकी दोन बंद पडल्यासारखे. "नेट तं दाखवते भाऊ, पण चालत काहीच नाही," केंद्रचालक म्हणाला. एका म्हाताऱ्याने विचारले, "मंग आमचं काहून नाही होऊन राह्यलं? बाजूच्याचं झालं नं." बाजूच्याचे झाले होते, कारण तो तिसऱ्या संगणकापुढे बसला होता.

विंडोजमध्ये काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' आणि त्यापुढे तिरपी रेघ देऊन 'ऑल' असे टंकले की बरीच माहिती येते. त्यात 'डीएचसीपी सर्व्हर' अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे एक पत्ता. ही ओळ म्हणजेच चौपन्नावा रकाना. वाचकांपैकी कोणीही घरी पाहू शकतो. चालणाऱ्या संगणकावर तिथे एक आकडा होता, न चालणाऱ्या दोघांवर दुसराच. तो दुसरा आकडा मला खोलीतच सापडला: टेबलाखाली, वायफायचा टप्पा वाढावा म्हणून कोणीतरी आणून जोडलेल्या एका जुन्या घरगुती राउटरच्या पोटावर चिकटवलेल्या कागदावर. अशा खोक्यांत डीएचसीपी सर्व्हर कारखान्यातूनच चालू असतो. कोणी विचारले की ते इमानाने पत्ता देते आणि बाहेरचा दरवाजा म्हणून स्वतःकडेच बोट दाखवते. त्याच्यापुढे मात्र कुठलीच तार गेलेली नव्हती. त्याची तार काढली, दोन्ही संगणकांना पत्ते सोडून नवे घ्यायला लावले आणि रांग हलली. त्या खोक्यात खोटेपणा नव्हता. त्याने आपली ओळख अचूक सांगितली होती.

पण खरा सर्व्हर हरला कसा? बहुतेक यंत्रे पहिली येणारी बोली घेतात. टेबलाखालचे खोके चार हातांवर, खरा सर्व्हर कितीतरी दूर. दुसरे कारण अधिक बोचरे आहे. आरएफसी २१३१ सांगतो की पत्ता देऊ करण्याआधी सर्व्हरने तो आधीच कोणी वापरत नाही ना, हे हाक मारून पाहावे. आयएससी या संस्थेच्या, अनेक वर्षे सर्वाधिक चाललेल्या सर्व्हरमध्ये या उत्तराची वाट पाहण्याचा वेळ साधारण एक सेकंद ठेवलेला असे. जो सर्व्हर नियम पाळून खात्री करतो तो सेकंदभर मागे पडतो. न करणारा आधी बोलतो.

याच आयएससीच्या सर्व्हरच्या मांडणीत एक शब्द आहे, 'ऑथॉरिटेटिव्ह'. मालकाने तो स्वतःच्या हाताने लिहिल्याशिवाय सर्व्हर कोणाच्या चुकीच्या पत्त्याला नकार देत नाही. कारण सरळ आहे: हौसेने सर्व्हर चालू करून बसलेल्या नवख्याने अख्ख्या कचेरीचे पत्ते नाकारू नयेत. अधिकार असलेल्याने मुद्दाम तसे लिहावे. पण हा शब्द लिहायलाही कोणाचा दाखला लागत नाही.

जाणकारांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. आरएफसी २१३१च्या शेवटी सुरक्षिततेवर एक छोटे प्रकरण आहे. डीएचसीपी आहे तसा पुरेसा असुरक्षित आहे आणि अनधिकृत सर्व्हर उभारणे सोपे आहे, अशी कबुली त्यात आहे. जून २००१मध्ये ड्रोम्स आणि विल्यम अरबॉ यांनी आरएफसी ३११८ लिहून उपाय दिला: सर्व्हर आणि यंत्र यांच्यात आधीच ठरलेली गुप्त किल्ली असावी आणि तिच्या आधाराने प्रत्येक संदेशावर शिक्का मारावा. म्हणजे अखेर मुद्रा आली. पण ती चालली नाही. व्यवहारात फारच थोड्यांनी वापरली. किल्ली आधी यंत्रात ठेवायची कोणी? डीएचसीपीचे सगळे आकर्षणच हे की यंत्र कोऱ्या पाटीने येते आणि खोलीत कोणालाही न ओळखता कामाला लागते. गुप्त किल्ली हवी म्हटले की शिपाई पुन्हा चिकटपट्ट्या घेऊन खोलीभर फिरणार. बसस्थानकावर, दवाखान्यात, लॉजवर फोन जोडणाऱ्याला तर ते अशक्यच.

वाचकाला उगाच घाबरवायचे नाही. बँकेचे किंवा शासनाचे संकेतस्थळ उघडताना ब्राउझर त्या स्थळाचे प्रमाणपत्र तपासतो आणि त्यासाठी विश्वासू संस्थांची यादी ब्राउझरमध्ये किंवा यंत्रात आधीच असते. महाराष्ट्रात सातबाऱ्यावर आता डिजिटल स्वाक्षरी असते, ती खोलीतल्या टेबलाखालच्या खोक्याला करता येणार नाही. भलता सर्व्हर नावांची चुकीची उत्तरे देऊन माणसाला भरकटवू शकतो, काम अडवू शकतो, कोण कुठे जातो ते पाहू शकतो. ३१ जुलैला काम अडवणे एवढेही पुरेसे असते.

मोठ्या कचेऱ्यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या महागड्या स्विचमध्ये 'डीएचसीपी स्नूपिंग' नावाची सोय असते. कोणत्या भोकातून सर्व्हरची उत्तरे येऊ द्यायची ते आधी ठरवतात. दुसऱ्या भोकातून उत्तर आले की स्विच ते फेकून देतो. चौपन्नाव्या रकान्यात काय लिहिले आहे यावर विश्वास न ठेवता, बोलणारा कोणत्या दारात उभा आहे यावर ठेवायचा. ताम्रपटाची मुद्रा पाहण्याऐवजी तो कोणाच्या हातून आला ते पाहण्यासारखे. गावातल्या केंद्रात मात्र आठ भोकांचा साधा स्विच असतो आणि त्याला सगळी दारे सारखीच.

हा प्रश्न इतिहासजमा झाला असे वाटत असतानाच मे २०२४मध्ये लेव्हायथन सिक्युरिटी या कंपनीच्या संशोधकांनी 'टनेलव्हिजन' या नावाने एक दोष जाहीर केला. डीएचसीपीच्या १२१ क्रमांकाच्या रकान्यातून सर्व्हर यंत्राला वाटा सुचवू शकतो. अमुक ठिकाणी जायचे तर अमुक दाराने जा. ही सोय डिसेंबर २००२च्या आरएफसी ३४४२मधली. भलत्या सर्व्हरने ती वापरली, तर व्हीपीएनच्या सुरक्षित बोगद्यातून जाणारे पत्रव्यवहार बोगद्याबाहेरून वळवता येतात आणि वापरणाऱ्याला बोगदा चालूच दिसतो. विंडोज, लिनक्स, मॅक आणि आयफोन या सगळ्यांना कमी-अधिक बाधा होती. अँड्रॉइड फोन वाचले. वाशीमच्या आठवडी बाजारात दहांतल्या नऊ खिशांत तेच असावेत. ते वाचले याचे कारण त्यांनी सर्व्हरची ओळख तपासली हे नव्हे. अँड्रॉइडने एकशे एकविसावा रकाना वाचण्याची सोय मुळात केलेलीच नव्हती. चौपन्नावा मात्र तेही वाचतात, आणि जो आकडा लिहिलेला असेल त्यालाच मुदतवाढीचे पत्र पाठवतात.